लाल म्हटलं की थांबायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्वतःचं मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. फोन टेबलावर पालथा ठेवलेला, तरी सारखा थरथरत होता. बराच वेळ ऑर्डरी आणि बँकेच्या हप्त्यांबद्दलच बोलले. उठता उठता म्हणाले, "मॅडम, दिवसभर सगळी मलाच विचारतात. रात्री वाटतंय, बायकोनं सांगावं आणि मी नुसतं ऐकावं. तिनं हुकूम सोडावा, हात बांधावेत. माझ्यात काय खोट आहे काय?"

हे बायकाही विचारतात. त्यांची भीती वेगळी असते: शिकून-सवरून, कमावती होऊन मला असं वाटतंच कसं?

खोट नाही. सज्ञान माणसांनी परस्परसंमतीनं असं वागणं हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आजार नाही. ही सुधारित यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रॉय बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८८ साली मांडलं होतं, की अशा शरण जाण्यात माणूस काही वेळ 'मी' नावाचं ओझं खाली ठेवतो. मालक, मुलगा, कर्जदार ही सगळी नाती बाजूला पडतात. सगळ्यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, पण या गृहस्थांना ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

अशा वेळी मी जोडीदाराला एकटं भेटते. हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. कारण भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नसतो. नाही म्हटल्यावर अबोला, मारहाण, पैसे बंद, माहेरी जायला मनाई असं काही असेल तर ती हिंसा आहे. तिथं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती आधी द्यायची, बाकीचं नंतर.

इथं तसं काही नव्हतं. बाई शाळेत शिक्षिका. म्हणाल्या, "मी दिवसभर पोरांना 'हे करा, ते करू नका' म्हणत असते. घरी येऊन परत तेच?" खरी गाठ इथं होती. नवऱ्याला जे ओझं उतरवायचं होतं, ते त्यांच्या डोक्यावर जाणार होतं. ताबा सोडणाऱ्याचाच विचार सगळे करतात, घेणाऱ्याला विचारतं कोण?

मग दोघांना समोरासमोर बसवलं. हात बांधणं बाईंना नको होतं, ते वगळलं. गळ्याला हात लावायचा नाही, हे मीच सांगितलं; गळा दाबणं राजीखुशीनं असलं तरी जीव जाऊ शकतो. उरलं ते शनिवारी रात्रीपुरतं. फोन बाईंच्या कपाटात, काय करायचं ते त्या ठरवणार. थांबायचा शब्द कोणता, असं मी विचारलं, तर गृहस्थ पटकन म्हणाले, "मशीनवर लाल बटण असतंय की! ते हाताशी असलं तरच माणूस बिनघोर काम करतोय." शब्द ठरला, 'लाल'. तो दोघांचाही. नुसतं सोसण्यात आणि स्वतःहून ताबा सोपवण्यात जो फरक आहे, तो त्यांनी माझ्यापेक्षा नेमका सांगितला होता.

महिन्यानं दोघं आले. बाई म्हणाल्या, "परवा मीच लाल म्हटलं. पेपर तपासून कंटाळले होते."

"मग?"

"मग काय, ह्यांनी चहा केला. फोन कपाटातच होता."