१२० तास आणि ७ नंबर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, एकाच मेसेजमध्ये दोन प्रश्न, दुकानात ते अनब्रेकेबल प्लास्टिकचे ग्लास भरू का आणि परदेशी, त्यातही जपानी, लोकांना इंग्रजी शिकवायचा कोर्स करू का. बाबांना वाटतंय तुझं मन थाऱ्यावर नाही, मला तसं अजिबात वाटत नाही. दोन्ही कर, फक्त आत काय आहे ते बघून कर.

आधी ग्लास, कारण माल भरला की पैसे अडकतात. १ जुलै २०२२ पासून वापरून फेकायच्या प्लास्टिक ग्लासवर देशभर बंदी आहे, त्यामुळे मेसवाले, केटरिंगवाले धुऊन वापरायचे ग्लास मागणारच. पण सेल्समन ग्लास फरशीवर आपटून दाखवतो ना, तेवढ्यावर ऑर्डर देऊ नकोस, बूड उलटं करून बघ, त्रिकोणात नंबर असतो. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, जरा धुरकट दिसतं पण गरम सोसतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, साधं असेल तर काचेसारखं चकचकीत आणि तडकतंही तसंच, ते नकोच. आणि ७ म्हणजे "इतर", खरी गडबड इथंच आहे, कारण पॉलिकार्बोनेटवर पण ७ आणि ट्रायटन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकवर पण ७. पॉलिकार्बोनेट मजबुतीला जबरदस्त, पण ते बनवताना बीपीए नावाचं रसायन लागतं, युरोपियन युनियनने डिसेंबर २०२४ मध्ये खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी त्यावर बंदीचा नियम केलाय, ट्रायटनमध्ये ते नसतं पण भाव चढा. म्हणून मटेरियलचं नाव बिलावर लिहून घे आणि फूड ग्रेडचा रिपोर्ट माग. हॉटेलवाल्यांना विकतानाच सांग की कढत पाणी, कडक सोड्याची पावडर आणि तारेची घासणी वापरली की पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडतं, बारीक चिरा जातात.

आता कोर्स. तू पाठवलेल्या जाहिरातीत १२० तास लिहिलंय, स्वस्त, घरबसल्या. केंब्रिजचा सेल्टा म्हणून इंग्रजी शिक्षकांचा कोर्स आहे, त्यालाही किमान १२० तासच असतात, म्हणजे परत तेच, नंबर तोच आणि माल वेगळा. सेल्टामध्ये ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, ट्रेनर मागे बसून बघतो आणि नंतर काय चुकलं ते तोंडावर सांगतो, शिवाय अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे आणि चार लेखी असाइनमेंट. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अशाच कोर्समध्येही ६ तास शिकवणं आहेच. स्वस्तातल्या बऱ्याच कोर्समध्ये व्हिडिओ बघायचे, टिकमार्क करायचे, सर्टिफिकेट प्रिंट करायचं, एकाही माणसासमोर उभं न राहता. ते शिकणं नव्हे गं. वर्गासमोर उभं राहिल्यावरच कळतं की आपण किती बडबडतो आणि समोरच्याला बोलायला जागाच देत नाही. ग्रामरचा नियम सांगू नकोस, तुझ्याच दुकानातला एक ग्लास वर्गात खाली टाक आणि विचार "व्हॉट हॅव आय डन?", प्रेझेंट परफेक्ट समोरच्याच्या तोंडूनच येईल.

तुझं इंग्रजी शाळेत शिकलेलं आहे म्हणून घाबरतेस, उलट तीच तुझी ताकद आहे. "अ" आणि "द" मराठीत नाहीत, जपानीतही नाहीत, जपानी माणूस कुठं अडतो ते तुला आतून कळणार. आणि आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी बोलत पोरं मोठी होतात, भाषा शिकताना माणसाचं काय होतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आपले डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा तिथल्या लोकांची भाषा शिकलेच की. तूही थोडी जपानी शिक, चार वाक्यं का होईनात.

परदेशात जाऊन शिकवायचं नंतर बघू. व्हिसाला बहुतेक ठिकाणी डिग्री लागते, काही देश पासपोर्ट बघूनच ठरवतात, ते त्या-त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर वाच, एजंटचं ऐकून नाही. म्हणून बीए आधी पूर्ण कर, दुकान सोडू नकोस. सुरुवात ऑनलाइन कर, जपानमध्ये रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात त्या वेळेला नव्या पेठेत गिऱ्हाईक कुठं असतं, तासभर बाबा गल्ल्यावर बसतील, मी बोलतो त्यांच्याशी.

फी भरायच्या आधी कोर्सवाल्यांना मेल टाक, प्रत्यक्ष शिकवायचे तास किती आणि बघणार कोण. उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर.

तुझा काका