टॉवेल गुंडाळा आणि बोला!

अमेरिकेत मॅच संपली की पत्रकार, अगदी बायकासुद्धा, पुरुष खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये जाऊन मुलाखती घेतात, असं मागच्या वेळी सहज दोन ओळीत लिहिलं तर प्रश्नांचा ढीगच आला, काही खरे, काही नुसतेच खवचट. खवचट सोडून देते. बावीस वर्षं स्पोर्ट्स डेस्कवर काढल्यावर तेवढं कळतं.

प्रश्न : ताई, खेळाडू तिथे अंघोळ करतात, कपडे बदलतात. तिथे बाईमाणसाने जायचंच कशाला? बाहेर बोलता येत नाही का?

येतं की. पण मग पुरुष पत्रकारांनीही बाहेरच बोलावं ना! आत जायची पद्धत काय बायकांनी नाही काढली. बेसबॉल म्हणा, आइस हॉकी म्हणा, मॅच संपली की थोड्या वेळाने दार उघडतं आणि पत्रकार आत जातात, हे तिकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं. खेळाडू अजून तापलेला असतो, बाजूचा काहीतरी टोमणा मारतो, बातमी त्यातून मिळते. तोच माणूस अर्ध्या तासाने माइकसमोर बसला की "सगळ्या टीमने छान एफर्ट टाकला" एवढंच बोलणार. वर पेपरचं पान छापायला सोडायची वेळ डोक्यावर, म्हणजे जो आत गेला त्याच्याकडे कोट आणि जी बाहेर उभी तिच्याकडे घंटा, आणि ऑफिसात विचारणार की त्या पेपरला मिळालं, तुला का नाही?

जानेवारी 1975 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आइस हॉकीची ऑल-स्टार मॅच, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंची मॅच होती, तिथे कुणीतरी गमतीत कोचना विचारलं की बायकांना आत सोडाल का, तर ते हो म्हणाले. न्यूयॉर्क टाइम्सची रॉबिन हर्मन आणि मॉन्ट्रियलच्या रेडिओची मार्सेल सँ-सीर आत गेल्या, तर सगळे कॅमेरे खेळाडूंना सोडून यांच्याकडेच वळले. हर्मन बिचारी सांगत होती, अहो बातमी मी नाही, मॅच आहे.

प्रश्न : यावर कोर्टात केस झाली होती म्हणे, ती काय होती?

मेलिसा लुड्की, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडची रिपोर्टर. 1977 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. डॉजर्सच्या खेळाडूंनी आपापसात ठरवून सांगितलं होतं की आम्हाला चालेल. पण बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, बोवी क्यून यांनी आडवं घातलं, बाई आत नको म्हणजे नको. ज्यांना आत टॉवेलवर उभं राहायचं होतं त्यांना अडचण नव्हती आणि सूट घालून बसलेल्या साहेबांना होती, हे माझं फार आवडतं आहे. सहाव्या मॅचला रेजी जॅक्सनने तीन वेगवेगळ्या पिचर्सच्या पहिल्याच बॉलवर एकेक असे तीन होम रन (बेसबॉलचे षटकारच म्हणा) मारले, त्या रात्री सगळा देश त्याच्याबद्दल बोलत होता आणि ही बाहेर बोळात धक्के खात उभी.

मग तिने आणि तिच्या कंपनीने केस टाकली. न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली, अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल जज. क्यूनसाहेबांकडून मुद्दा असा की खेळाडूंची प्रायव्हसी आणि सभ्यता जपायची आहे. कोर्टाने बघितलं तर आत टीव्हीचे कॅमेरे! म्हणजे घरोघरी दिसलं तर चालतं, एक रिपोर्टर आत आली की सभ्यता जाते. पडदा लावा, टॉवेल गुंडाळा, सोपे उपाय आहेत, त्यासाठी बाईचं काम अडवायचं कारण नाही, हा निकालाचा गाभा. 25 सप्टेंबर 1978. आणि हे राज्यघटनेत बसलं कसं, तर यांकी स्टेडियम न्यूयॉर्क महापालिकेच्या मालकीचं, टीमला भाड्याने दिलेलं, त्यामुळे समान संरक्षणाचं, म्हणजे सरकारने सगळ्यांना सारखं वागवायचं, हे कलम लागू झालं. जागा खाजगी असती तर अवघड होतं.

प्रश्न : म्हणजे 1978 नंतर प्रॉब्लेम मिटला?

कुठचा! तो निकाल त्या एका स्टेडियमपुरता. 1984 मध्ये क्लेअर स्मिथ या बेसबॉल रिपोर्टरला सॅन डिएगो पाद्रेस टीमच्या क्लबहाउसमधून (बेसबॉलमध्ये लॉकर रूमला हेच म्हणतात) ढकलून बाहेर काढलं. स्टीव्ह गार्वी नावाचा खेळाडू मुद्दाम बाहेर आला आणि तिला हवं ते सगळं बोलला, म्हणून तिची बातमी झाली. पुढच्या वर्षी नवे कमिशनर पीटर युबेरॉथ यांनी सगळ्याच टीम्सची दारं उघडली. याच क्लेअर स्मिथला 2017 मध्ये बेसबॉल लेखनाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, तोपर्यंत एकाही बाईला तो मिळाला नव्हता.

आणि 1990 मध्ये लिसा ऑल्सन. बॉस्टन हेरल्डची. पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमच्या लॉकर रूममध्ये मुलाखत घेत होती तेव्हा काही खेळाडूंनी नागडे येऊन तिची छेड काढली. लीगने चौकशी केली, तीन खेळाडूंना आणि टीमला दंड झाला. पण शिव्या, धमक्या कुणाला? तिलाच. शेवटी ती देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेली. नियम बदलायला एक सही लागते, प्रेक्षक बदलायला जास्त लागतं.

प्रश्न : पण खेळाडूंनाही लाज असते की नाही?

असते, आणि त्यात चूक काही नाही. 2024 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडू संघटनेनेच म्हटलं की मुलाखती लॉकर रूमच्या बाहेर घ्या. कोविडमध्येही दारं बंदच होती. माझं म्हणणं एवढंच, सगळ्यांना आत किंवा सगळ्यांना बाहेर.

प्रश्न : मी सांगलीची, स्पोर्ट्स रिपोर्टर व्हायचंय. आपल्याकडेही असं आहे का?

नाही गं. इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये ड्रेसिंग रूम पत्रकारांना बंदच, पुरुष असो की बाई, अँटी-करप्शनचे नियम इतके कडक की खेळाडूंचे फोनसुद्धा काढून घेतात. पण दारं बाकी बरीच असतात. आपली डायना एडुलजी, मुंबईची, भारताची कॅप्टन, 1986 मध्ये तिला लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये सोडलं नव्हतं, आणि लॉर्ड्स ज्यांच्या मालकीचं त्या एमसीसी क्लबने बायकांना मेंबर करायचं ठरवलं ते थेट 1998 मध्ये. उलट इंदूरच्या चंद्रा नायडू, सी. के. नायडूंची मुलगी, त्या सत्तरच्या दशकातच रेडिओवर कॉमेंट्री करत होत्या.

मला स्वतःला एका स्टेडियमवर गळ्यात पास असताना गेटवाल्याने "मॅडम, फॅमिली स्टँड तिकडे" सांगितलंय. भांडत बसू नकोस, पास दाखव आणि सरळ चालायला लाग, बहुतेक वेळा कोणी अडवत नाही. आणि हो, पहिल्यांदा मैदानावर गेलीस की लेडीज टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेव. ती अडचण लॉकर रूमपेक्षा जास्त वेळा येते.