संगणक-शंका : एकाच लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं

प्रश्न : मी इस्लामपूरला छोटा छापखाना चालवतो. लेक तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला : 16 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी, विंडोज 11. संध्याकाळी त्यावरच मी श्री-लिपीत लग्नपत्रिका जुळवतो. आता तिचे सर म्हणतात, उबुंटू टाकून आणा. दुकानदार म्हणतो, दुसरं काही टाकलंत तर वॉरंटी जाईल. ताई, दोन्ही एकत्र नांदतील का? आणि 512 सांगून दिले, पण दिसतात 476 जीबीच. बाकीचे कुठे गेले?

उत्तर : दादा, आधी शेवटचं सांगते. कुणी काही चोरलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. तेवढाच तो फरक.

वॉरंटी असते ती कीबोर्ड, पडदा, बॅटरी यांची. आत कोणती प्रणाली आहे यावर एरवी ती अडत नाही. तरी कार्डवरची अट एकदा वाचून घ्या. मात्र लॅपटॉप दुरुस्तीला गेला, तर सर्व्हिस सेंटरवाले बऱ्याचदा सगळं पुसून कारखान्यातलं विंडोज परत टाकतात. तेव्हा पत्रिकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या.

आता मुद्द्याचं. उबुंटू ही विंडोजसारखीच एक प्रणाली, लिनक्स घराण्यातली. लेकीला विचारा, सरांना उबुंटू कशासाठी हवंय? नुसत्या लिनक्सच्या आज्ञा, सी आणि पायथन एवढंच असेल, तर विंडोज 11 च्या आतच उबुंटू चालवता येतं. त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात. 16 जीबी रॅममध्ये ते आरामात चालतं आणि डिस्कची वाटणीही करावी लागत नाही. पण सरांना संपूर्ण यंत्र लिनक्सवर हवं असेल, तर ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली, चालू करताना हवी ती निवडायची. लेकीने स्वतःच्या हाताने एकदा ते केलेलं बरंच. तुम्ही शेजारी चहा घेऊन बसा.

लोक फोन करतात ते उबुंटू टाकताना अडले म्हणून. पण तो भाग अर्ध्या तासाचा असतो. खरं काम पेनड्राइव्ह लावायच्या आधी विंडोजमध्ये करायचं असतं, आणि फसतात ते तिथेच.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. साताऱ्यातल्या एक शिकवणीच्या बाई नवा लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आल्या. भाच्याने यूट्यूब बघून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी बदललं होतं आणि चालू केला की निळा पडदा : रिकव्हरी की टाका. ही की म्हणजे 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट. बाई म्हणाल्या, मी कधी कुलूप लावलंच नाही. त्यांनी नव्हतंच लावलं. नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आता खातं कुणाचं? ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला, तिथल्या पोराने ‘सेट करून देतो मॅडम’ म्हणत स्वतःचा ईमेल टाकला होता. पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. दोन दिवस फोन केले, तेव्हा कुठे तो सापडला, तोही मोटरसायकलवर. खेड-शिवापूरच्या नाक्यापाशी गाडी बाजूला घेऊन त्याने मोबाइलवर खातं उघडलं. पडद्यावर कीचा ओळख-क्रमांक दिसतो, तो आधी मी वाचला. त्याच्याकडे चार लॅपटॉपांच्या किल्ल्या निघाल्या! जुळणारी शोधून त्याने एकेक गट सांगितला, मागून ट्रक जात होते, आणि पाचव्या गटात आम्ही सात आकडे ऐकले. पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा पहिलं काम : ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ उघडून खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते पाहा. तुमचं नसेल तर बदला. मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर की कागदावर लिहून घ्या आणि ते बंद करा. कुलूप उघडायला वेळ लागतो, तोवर चार्जर काढू नका. सगळं झाल्यावर हवं तर पुन्हा चालू करा.

दुसरं, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटनाने काय व्हावं ते ठरवायच्या पानावर त्याची खूण असते. ती काढा. खूण असली की ‘शटडाउन’ म्हटल्यावर विंडोज खरंखुरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्कवरचा हक्क सोडत नाही. मग उबुंटूतून तुमच्या फाइली लेकीला दिसतील, पण त्यांत काही लिहिता येणार नाही.

तिसरं, डिस्कची वाटणी. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, सी ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ घ्या. आकडा एमबीत मागतो. 100 जीबी द्यायचे तर 102400 लिहा. लेकीला तेवढे पुष्कळ झाले. कधीकधी अर्धी डिस्क रिकामी असून विंडोज म्हणतं, एवढी जागा देता येत नाही. काही सिस्टीम-फाइली मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात आणि जागचं हलत नाहीत. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टीम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा बघा. सुटलेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ अशी दिसेल. तिचा नवा ड्राइव्ह बनवू नका, तशीच सोडा.

आता पेनड्राइव्ह. आठ जीबीचा पुरतो. उबुंटूची 24.04 ही आवृत्ती घ्या. एप्रिल 2024 ची आहे, पाच वर्षं सांभाळली जाते, म्हणजे लेकीचा डिप्लोमा होऊन वर काही वर्षं. फाइल उतरवून ‘रूफस’ नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप चालू करताना एफ12, एस्केप किंवा एफ9 (कंपनीगणिक बदलतं) दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त ओळखीचीच प्रणाली उठू देणारा पहारा) बंद करा असं जुने व्हिडिओ सांगतात. उबुंटूला त्याची गरज नाही, हात लावू नका.

इथे काहींना डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ (डिस्क हाताळायची इंटेलची एक सोय) चालू असतं, त्याचा हा खेळ. ते थेट बंद केलंत तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘सेफ बूट’ला खूण करा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग खूण काढा. क्रम उलटा करू नका.

पुढे इन्स्टॉलर विचारतो, कुठे टाकू? ‘अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ असलेला पर्याय घ्या. त्याच पानावर ‘इरेज डिस्क’ही असतो. 2013 साली रात्री अकराला, डोळ्यांवर झोप असताना, मी स्वतःच्या दुकानातल्या यंत्रावर तो दाबलेला आहे. वर्षभराची उधारी त्यात होती. कोण किती देणं लागतो हे मग गिऱ्हाइकांनाच विचारत फिरले. दोघांनी खरं सांगितलं.

आणि हाताने वाटणी करायला गेलात, तर सुरुवातीचा 100 किंवा 260 एमबीचा ईएफआय तुकडा फॉरमॅट करू नका. तो दोन्ही बिऱ्हाडांचा सामाईक जिना आहे.

उबुंटू बसलं की चालू करताना एक यादी येते. काही सेकंदांत काही निवडलं नाही, तर उबुंटूच सुरू होतं. तुम्ही रात्री पत्रिकेच्या घाईत असाल, लक्ष नसेल आणि समोर भलताच पडदा येईल. म्हणून माझं ऐका : बायोसमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला नंबर द्या. तुमच्यासाठी लॅपटॉप कालच्यासारखाच उठेल. लेकीने तेवढं चालू करताना बूटची की दाबून उबुंटू निवडायचं. ती विसरणार नाही.

श्री-लिपी उबुंटूत चालवायच्या भानगडीत पडू नका. जुन्या फाँटातली तुमची फाइल तिकडे उघडली, तर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’चा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नसते, घाबरून तिथे सेव्ह मात्र करू नका.

पेनड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशा कित्येक लॅपटॉपांवरचं लिनक्स उठेनासं झालं होतं. अशा वेळी तोच कामाला येतो.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितेय. विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकले, छान चालतात. पण उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे जातं. सकाळी साडेदहाची मीटिंग होती आणि लॅपटॉप म्हणतोय, पहाटेचे पाच. बॅटरी गेली का?

उत्तर : नाही हो, बॅटरी ठणठणीत आहे. साडेपाच या आकड्यातच उत्तर आहे. आपली वेळ ग्रीनिचच्या तेवढीच पुढे असते. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ चालू असतं. उबुंटू त्यात ग्रीनिचची वेळ लावून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोजला डॉसच्या काळापासूनची सवय, घड्याळात दिसते तीच इथली वेळ धरायची. दोघांपैकी एकाने नमतं घ्यायचं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा द्या, इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं. उबुंटू कुरकुर करेल, असं करणं बरं नव्हे म्हणून इशारा देईल. तो मुख्यतः ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही, बिनधास्त करा. मग विंडोजमध्ये जाऊन वेळेच्या सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ एकदा दाबा.

प्रश्न : भाऊ बाहेरगावी नोकरीला गेला, त्याचा उबुंटूचा कप्पा रिकामा पडलाय. डिलीट करून जागा परत घेऊ का? (परभणी)

उत्तर : घ्या, पण भावाला एकदा फोन करून त्याचं काही आत राहिलंय का ते विचारा. मग आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणा आणि विंडोज नीट उठतंय याची खात्री करा. हे न करता कप्पा उडवलात, तर चालू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (प्रणाली निवडायची यादी दाखवणारा उबुंटूचा प्रोग्रॅम) असा एकच शब्द लुकलुकत राहील. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचा कप्पा डिलीट करा आणि सी ड्राइव्हवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ घ्या. मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे असेल तरच हा पर्याय उमटतो. ईएफआय तुकड्यात उबुंटूचं एक फोल्डर मागे राहील, काही एमबीचं. ते राहू द्या.