स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर वन्यजीव चित्रित करायला मुंबईहून कधी जावं?

एकाच खेपेचे पैसे असतील तर जून. मे महिन्यात दादरला घाम पुसत लोकरी टोपी मागाल, दुकानदार वेड्यात काढेल. काढू दे.

पफिन हे समुद्रपक्षी एप्रिलच्या सुमारास येतात, ऑगस्टमध्ये समुद्रावर परततात. सम्बर्गच्या कड्यावर ते इतके जवळ बसतात की मोठी लेन्स बॅगेतच राहते. जूनमध्ये दिवस जवळपास १९ तासांचा असतो आणि रात्रीही पुरता काळोख होत नाही. याला तिथे ‘सिमर डिम’ म्हणतात. त्या संधिप्रकाशात मूसा बेटावरच्या सुमारे २,००० वर्षं जुन्या दगडी बुरुजात स्टॉर्म पेट्रेल घरट्यांकडे येतात. चिमणीपेक्षा जेमतेम मोठा पक्षी. दगडांच्या फटींतून त्यांची घरघर ऐकू येते, तेव्हा माइक चांगला न्या. फ्लॅश अजिबात नको.

पाणमांजर वर्षभर दिसतं, पण शिवडीला फ्लेमिंगोंसाठी पाहतो तसं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं लागतं. ओहोटीला ते शेवाळात मासे धुंडाळतं. त्याने बुडी मारली की चार पावलं पुढे, डोकं वर आलं की जागीच थिजायचं. वारा त्याच्याकडून आपल्याकडे हवा, नाहीतर वास लागून पसार. खाऱ्या पाण्याने फर खराब होते म्हणून ते गोड्या पाण्यात अंग धुतं. अशी डबकी हेरून ठेवा.

ग्रे सीलची पिल्लं हवी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. डिसेंबरात उजेड सहा तासही नसतो. आणि हलका ट्रायपॉड घरीच ठेवा, तिथला वारा त्याला उभा राहू देत नाही.