वाचकांचे प्रश्न : कार्पच्या स्पर्धेत विजेता कसा ठरतो?

प्रश्न : इंग्लंडमधील तळ्यांवर गळाने कार्प पकडण्याच्या स्पर्धा होतात. त्यांत सर्वांत मोठा मासा पकडणारा जिंकतो का, आणि मासे नंतर खरोखर सोडून देतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक स्पर्धांत एका माशाचा आकार नव्हे, तर दिवसभरात मिळालेल्या सर्व माशांचे एकूण वजन मोजले जाते. सकाळी चिठ्ठी काढून प्रत्येकाची काठावरील जागा ठरते आणि शिट्टी झाल्यावर साधारण पाच-सहा तास त्याच जागी बसावे लागते. त्यामुळे नशिबाचा वाटा असतोच, तरीही माझ्या मते खरे कौशल्य चारा टाकण्यात आहे. एकदम भरपूर चारा टाकल्यास मासे गळाला लावलेल्या आमिषाकडे दुर्लक्ष करतात, तर थोडा-थोडा टाकत राहिल्यास उन्हाळ्यात अखेरच्या तासांत मोठे कार्प अगदी काठालगत येतात आणि निकाल पालटतो. मासे पाण्यात बुडवलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवतात, वजन होताच सोडतात. माशाला कमी इजा व्हावी म्हणून अनेक तळ्यांवर उलटा काटा नसलेलाच गळ चालतो, आणि हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो. तेरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला गळाने मासे पकडण्याचा परवाना मात्र आवश्यक आहे.