बाकी फिटेपर्यंत पोरगं ठेवून घेतलंय. ठाण्यात म्हणतात, ‘हा व्यवहार आहे’

प्रश्न: मी धारूर तालुक्यातली. मी आणि मालक ऊसतोडीला जातो. गेल्या हंगामात मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, ८०,००० रुपये उचल घेतली. संक्रांतीच्या सुमारास मालक ट्रॉलीवरून पडले, मणक्याला मार लागला, म्हणून अर्ध्यातून गावी आलो. मुकादमानं ५०,००० बाकी काढली. होळीनंतर तो दोन माणसं घेऊन घरी आला, स्टॅम्पवर मालकांचा अंगठा घेतला आणि ‘बाकी फिटेपर्यंत’ म्हणून आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेला. पोरगं सातवीत होतं. आता ते बेळगावकडं मुकादमाच्या पाहुण्याच्या गुऱ्हाळावर आहे, चुलवणात चिपाड घालतं. दोनदाच फोन आला. ठाण्यात गेले तर म्हणाले, अंगठा तुमचाच आहे, देण्याघेण्याचा मामला आहे, कोर्टात जा. मुकादमाकडं माझ्या सहीचा कोरा चेकही आहे. शेळ्या विकून पैसे देऊन पोराला आणावं का? तक्रार केली तर मालकांनाच आत टाकतील का?

उत्तर: ताई, शेळ्या विकू नका. पैसे देऊ नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण हे उत्तर पोचेपर्यंत तुम्ही बाजार गाठाल अशी मला धास्ती वाटते.

शेत गहाण पडतं, डाग गहाण पडतो, पोरगं गहाण पडत नाही. मालकांनी ज्यावर अंगठा उठवला तो कागद कायद्याच्या लेखी रद्दी आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. उचलीच्या बदल्यात माणसानं स्वतः किंवा घरातल्या कुणाकडून सावकाराला काम करून द्यायचं आणि फिटेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं ठरलं की ती वेठबिगारी, असं त्याच्या व्याख्येतच आहे. ‘घरातल्या कुणाकडून’ हे शब्द तुमच्या मुलासाठीच लिहिल्यासारखे आहेत. आपल्या भागाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात याला भगेला म्हणत, आणि १९७६ च्या कायद्यानं ज्या प्रथा नावं घेऊन बंद केल्या त्यांत भगेलाही आहे.

आता पैशाचं. वेठबिगारीचं देणं त्याच कायद्याच्या कलम ६ नं बुडीत निघतं. त्याच्या वसुलीचा दावाही चालत नाही. कलम ९ तर सांगतं की असं बुडालेलं देणं वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे तुम्ही ५०,००० नेऊन दिले, तर ते घेणं हाच मुकादमाचा गुन्हा. तो म्हणेल, ही वेठबिगारी नाहीच, साधी उसनवारी आहे. म्हणू दे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ नं त्याच्यावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. माझ्याकडे एक बाप आला होता. त्यानं बैल विकून मुलगा गुपचूप सोडवून आणला. पुढच्या दसऱ्याला तोच स्टॅम्प घेऊन मुकादम परत दारात, ‘व्याज राहिलं’ म्हणून. बापाच्या हातात ना पावती होती, ना सरकारी कागद.

ठाण्यात तुम्हाला जे सांगितलं ते साफ चूक आहे आणि मला त्याचा राग येतो. तेरा वर्षांच्या पोराला कर्जापोटी कामाला जुंपण्यासाठी घेऊन जाणं हा माणसांचा अपव्यापार, म्हणजे मानवी तस्करी आहे: भारतीय न्याय संहिता, कलम १४३. बळी पडलेलं मूल असेल तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मुलगा ‘राजीखुशीनं आला’ असं मुकादम सांगेल. या कलमात बळीच्या राजीखुशीला किंमत नाही. गुऱ्हाळवाल्यानं हे माहीत असून त्याला राबवायला ठेवून घेतलं, तर त्याच्यावरही हेच कलम लागू शकतं, कारण त्यात नेणाऱ्यासारखाच ठेवून घेणाराही येतो. चौदाच्या आतल्या मुलाला परक्याच्या गुऱ्हाळावर कामाला लावणं हा बालकामगार कायद्याखालीही गुन्हा आहे, मग उचल असो की नसो.

मुलाला तुमच्या दारातून नेलं, म्हणून गुन्हा तुमच्याच ठाण्यात नोंदवायचा. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता कुठलंच ठाणं देऊ शकत नाही. अर्ज लेखी न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं त्यांनी एकदा व्यवहार ठरवलंच आहे. अर्जात ‘पैशाचा वाद’ हे शब्दच नकोत. कोण आलं, कोणत्या गाडीतून, काय म्हणालं, पोराचं वय किती, हे लिहा. शाळेकडून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा घेऊन जोडा. वयाच्या वादात न्यायालय आधी शाळेचा दाखला पाहतं. तरीही नोंद केली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. कलम १४३ ची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, संहितेच्या कलम १९९ खाली. हे वाक्य अर्जात शेवटी लिहा. त्यानं खुर्चीतला माणूस सरळ बसतो, हा माझा अनुभव आहे.

त्याच दिवशी दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रांतांना. वेठबिगार सोडवणं ही १९७६ च्या कायद्यानं त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. जिल्ह्याला आणि उपविभागाला त्यासाठी दक्षता समिती असावी लागते. आणि १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची ही सरकारी मदतवाहिनी आहे. आठवडाभरात पान हललं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात मुलाला हजर करा अशी याचिका करता येते. वकिलाच्या पैशाची काळजी करू नका. अपव्यापारात किंवा वेठबिगारीत सापडलेल्याला, बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलगा सापडला की त्याला तसाच गाडीत घालून घरी आणू नका. जिथं सापडेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून (म्हणजे जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडून) मुक्ततेचा दाखला मागा, पोलिसांना मागायला लावा. वेठबिगार म्हणून सुटल्याचा तो पुरावा. उचल कायमची संपली हे त्यावरूनच दाखवता येतं आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेची दारंही त्यावरच उघडतात: तातडीची मदत ३०,००० पर्यंत, ती खटल्याच्या निकालावर अडत नाही; आणि मुलांसाठी २ लाख, त्याचा मोठा भाग गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेला. म्हणून मुकादम पुढं हातापाया पडत आला, पाहुण्यांना मध्ये घालून ‘मिटवून घेऊ’ म्हणाला, तरी केस सोडू नका.

सुटल्यावर चोवीस तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढं नेतील. कदाचित काही दिवस बालगृहात ठेवतील. तेव्हा घाबरून ‘माझं पोरगं सरकारनं घेतलं’ असं समजू नका. समिती घरची चौकशी करून मुलाला आईबापाकडं देते. तिथंच मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतल्या प्रायोजकत्वासाठी अर्ज करा, मंजूर झालं तर महिन्याला ४,००० रुपये मिळतात. पोराची वैद्यकीय तपासणी होऊ द्या. चुलवणासमोर राबलेल्या पोराच्या हातापायाला काय झालंय, ते कागदावर यायलाच हवं.

मालकांचं विचारलंत. खोटं सांगणार नाही, पोलीस त्यांना विचारतील, अंगठा का दिला म्हणून. जे घडलं तेच सांगावं: मणक्याला मार लागलेला, दारात तीन माणसं, पर्याय नव्हता. बालकामगार कायद्यात पालकाला पहिल्या वेळी शिक्षा नाही. आणि धाकानं अंगठा देणारा बाप हा या गोष्टीतला फिर्यादी आहे. मात्र अंगठा दिलाच नाही असं म्हणू नका. एक खोटं पकडलं की मुकादमाचा वकील बाकीचं सगळं खरंही त्याच टोपलीत टाकतो.

चेकची नोटीस आली तर ती घेऊन लगेच विधी सेवा समितीच्या वकिलाकडं जा, पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलं पाहिजे. कायद्यानं वसूल होऊ शकणारं देणं असेल तरच चेकचा गुन्हा उभा राहतो. वेठबिगारीचं देणं तसं नसतं. म्हणूनही आधीच्या अर्जाची पोच जपून ठेवा.

तुम्ही जात लिहिलेली नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या असाल आणि मुकादम त्यातला नसेल, तर अट्रॉसिटीचं कलमही लागतं. वेठबिगारी त्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. तपास मग उपअधीक्षकाकडं जातो.

पुढचा हंगाम येईल आणि घरात खायला हवं म्हणून तुम्ही पुन्हा निघाल, हे मला ठाऊक आहे. मुलाला फडात नेऊ नका. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, शाळांची हंगामी वसतिगृहंही असतात. दसऱ्याच्या आधी मुख्याध्यापकांना भेटून नाव घाला.

तोवर फोन चार्ज ठेवा, कुणी ना कुणी जवळ ठेवा. पोराचा फोन आला तर रडू नका, मुकादमाला शिव्या देऊ नका, शेजारी कुणी ऐकत असेल. फक्त विचारा: बाळा, तिथून काय दिसतं? देऊळ कुणाचं, शाळेवर काय लिहिलंय, एसटी कोणत्या गावची जाते? आणि आलेला नंबर त्याच क्षणी वहीत उतरवा.