कार्यशाळेला जाण्याआधीचे तीन आठवडे

प्रश्न : मी साताऱ्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. खगोलभौतिकीत मशीन लर्निंग कसं वापरतात, यावरच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेसाठी माझी निवड झाली आहे. सकाळी व्याख्यानं आणि दुपारनंतर पाच-पाच जणांच्या गटात प्रकल्प असं स्वरूप आहे. गटात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मुलं जास्त असणार आणि मला पायथन जेमतेम येतं. बाबा म्हणतात, त्यापेक्षा डेटा सायन्सचा सर्टिफिकेट कोर्स कर, नोकरी तरी लागेल. हातात तीन आठवडे आहेत. जाऊ का? तयारी काय करू?

उत्तर : जरूर जा. मात्र तीन आठवड्यांत अख्खं मशीन लर्निंग उरकून जाण्याच्या फंदात पडू नकोस. ते होणार नाही आणि तिथे त्याची गरजही नसते. मॉडेल (डेटावरून शिकून अंदाज देणारा प्रोग्रॅम) चालवणारे दोघं-तिघं प्रत्येक गटात असतातच. आलेला आकडा बघून ‘हा भौतिकशास्त्राला धरून आहे का?’ असं विचारणारं माणूस मात्र बहुतेक गटांत नसतं. ते काम तू घे आणि तयारीही त्याच बेताने कर.

एकच डेटासंच घे आणि तो पिंजून काढ. त्यासाठी ‘एचटीआरयू-२’ चांगला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या सर्वेक्षणातले पल्सारचे (वेगाने फिरणाऱ्या, ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचे) उमेदवार संकेत, म्हणजे पल्सारचे असू शकतील असे संकेत, त्यात आहेत. यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या मशीन लर्निंग भांडारातून तो फुकट उतरवता येतो आणि साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. एकूण ओळी १७,८९८. त्यांपैकी खरे पल्सार १,६३९, बाकीचे १६,२५९ म्हणजे गोंगाट. प्रत्येक ओळीत आठ आकडे आहेत : स्पंदाच्या सरासरी आकाराचे चार (सरासरी, प्रमाण विचलन, कर्टोसिस म्हणजे टोकदारपणा, स्क्यूनेस म्हणजे एका बाजूचा झुकाव) आणि डीएम-एसएनआर वक्राचे तेच चार (एसएनआर म्हणजे संकेत-गोंगाट गुणोत्तर; डीएमबद्दल पुढे सांगते). नववा रकाना उत्तराचा, शून्य किंवा एक.

सुरुवात वेडगळ वाटेल अशा मॉडेलपासून कर : प्रत्येक ओळीला ‘पल्सार नाही’ म्हणायचं. अचूकता किती येते? ९०.८ टक्के! आणि सापडलेले पल्सार शून्य. गटातलं कुणी ‘आपली अ‍ॅक्युरसी नव्वदच्या वर गेली’ म्हणून खूश झालं, की हा आकडा तुझ्या वहीत हवा.

मग लॉजिस्टिक रिग्रेशन लाव, म्हणजे ओळ पल्सारची असण्याची शक्यता शून्य ते एकमध्ये सांगणारं साधं मॉडेल. २० टक्के ओळी चाचणीसाठी बाजूला काढताना दोन्ही वर्गांचं प्रमाण राखून विभागणी कर, म्हणजे ३,५८० ओळींत साधारण ३२८ पल्सार येतील. रकान्यांचं स्केलिंग (सगळे आकडे एका मापात आणणं) फक्त शिकवणीच्या भागावरून ठरव. आधी सगळ्या डेटावर स्केलिंग आणि मग विभागणी, ही चूक सर्रास होते. तिच्यामुळे चाचणीच्या भागाची माहिती आधीच मॉडेलच्या कानावर जाते. निकाल अचूकतेत मोजू नकोस, प्रिसिजन (‘पल्सार’ म्हटलेल्यांत खरे किती) आणि रिकॉलमध्ये (खऱ्या पल्सारांपैकी सापडले किती) मोज. नंतर निर्णयाचा उंबरठा ०.५ वरून ०.२ वर आण. सुटलेले पल्सार कमी होतील, खोटे उमेदवार वाढतील. कुठे थांबायचं हे गणित सांगत नाही. प्रत्येक उमेदवार दुर्बिणीने पुन्हा तपासावा लागतो, म्हणून दुर्बिणीचा वेळ किती मिळणार आहे त्यावर ते ठरतं.

आता तुझ्या विषयाचा भाग. डीएम (डिस्पर्शन मेझर) म्हणजे आपल्यापासून पल्सारपर्यंतच्या वाटेवर मुक्त इलेक्ट्रॉन किती, याचं माप. या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोहोचतात आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. संगणक डीएमच्या अनेक किमती धरून बघतो. बरोबर किमतीला स्पंद टोकदार होतो आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर शिखर गाठतं. याउलट विजेच्या तारांवरची ठिणगी किंवा गाडीचं इग्निशन इथलंच, त्याला आंतरतारकीय प्रवास घडलेला नसतो. म्हणून त्याचं शिखर सहसा डीएम शून्यापाशी येतं. ही गोष्ट माहीत असलेली व्यक्ती मॉडेलने खात्रीने ‘पल्सार’ ठरवलेल्या उमेदवाराचा आलेख एका नजरेत बाद करू शकते. तेव्हा मॉडेल चुकलेल्या ओळींतल्या दहा ओळी वेगळ्या काढ आणि प्रत्येकीपुढे चूक का झाली असावी ते एका वाक्यात लिही. या यादीला मी मॉडेलपेक्षा जास्त गुण देईन.

दोन सापळे आधीच ओळखून ठेव. पहिला : तोच पल्सार अनेक निरीक्षणांत येतो. त्याचं एक निरीक्षण शिकवणीत आणि दुसरं चाचणीत गेलं, तर मॉडेल पाठांतरावर पास होतं. उपाय म्हणजे ओळींनुसार न विभागता उगमानुसार विभागायचं, म्हणजे एका पल्सारची सगळी निरीक्षणं एकाच भागात. एचटीआरयू-२ च्या फाइलमध्ये उगमाची नावंच नाहीत, त्यामुळे तिथे हे तपासता येत नाही. कार्यशाळेच्या डेटाबाबत पहिल्याच दिवशी विचार. दुसरा सापळा जास्त खोल आहे. २०१८ मध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या नियोजित सर्वेक्षणासाठी ‘प्लास्टिक’ नावाची वर्गीकरण स्पर्धा झाली, कृत्रिम डेटावर. शिकवणीला ७,८४८ वस्तू, चाचणीला सुमारे ३५ लाख. शिकवणीतल्या वस्तू मुद्दाम तेजस्वी आणि जवळच्या ठेवल्या होत्या, कारण प्रत्यक्षातही वर्णपट अशांचेच सहज मिळतात. चाचणीतल्या बहुतेक अंधूक आणि दूरच्या. घरच्या चाचणीत उत्तम ठरलेलं मॉडेल अशा वेळी बाहेर घसरतं. ‘ज्यावर शिकवलं आणि ज्यावर वापरणार, ते सारखंच आहे का?’ हा प्रश्न गटात तू विचार. अवघड गणित न करता विचारता येणारा इतका नेमका प्रश्न दुसरा नाही.

हत्यारांचं थोडक्यात. पायथनमध्ये नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब, सायकिट-लर्न आणि फिट्स (खगोलशास्त्रीय डेटाची) फाइल उघडण्यापुरतं अ‍ॅस्ट्रोपाय एवढं पुरे. तारकासूचीत न मोजलेल्या तेजस्वितेच्या जागी बरेचदा -९९ किंवा ९९ भरलेलं असतं. तेजस्विता-प्रतीच्या मापात आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी, म्हणजे -९९ तसाच राहिला तर तो तारा सूर्यालाही लाजवेल. रकान्याचा हिस्टोग्राम काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. गिटचे (कोडमधले बदल नोंदवून एकत्र जोडण्याच्या साधनाचे) क्लोन, ब्रँच, कमिट, पुश आणि पुल एवढे हाताखाली येऊ देत. दोघांनी एकच ज्युपिटर नोटबुक बदललं की जोडताना हमखास गोंधळ होतो, कारण त्या फाइलमध्ये कोडबरोबर आउटपुटही साठतं. ज्याचं त्याचं नोटबुक वेगळं आणि सामाईक फंक्शन्स साध्या पायथन फाइलमध्ये, हा नियम पहिल्या दुपारीच ठरवा. डेटा घरूनच उतरवून ने; सगळे एकदम डाउनलोडला बसले की तिथलं वायफाय मान टाकतं. कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सेवेवरचं जीपीयू (वेगवान गणनेच्या चिपचं) सत्र मध्येच तुटतं, तेव्हा मॉडेल अधूनमधून गूगल ड्राइव्हवर साठवत जा.

गटात बेसलाइन (तुलनेसाठीचं साधं मॉडेल) आणि डेटाची तपासणी मी करते, असं पहिल्या बैठकीतच सांगून टाक. हे काम कुणी मागत नाही, आणि निकाल मात्र त्याच्याशीच ताडून बघावा लागतो. चौथ्या दिवशी दुपारनंतर नवं मॉडेल सुरू करू देऊ नकोस. शेवटच्या संध्याकाळी अर्ध्या पानाची रीडमी लिहा : प्रश्न कोणता, डेटा कुठला, काय जमलं, काय फसलं, कुणी काय केलं. घरी गेल्यावर हे कुणी लिहीत नाही.

आता बाबांचा मुद्दा. तो रास्त आहे. त्यांना असं सांग : बँकेत लाखो व्यवहारांतून मोजके फसवणुकीचे व्यवहार हुडकणं आणि हजारो संकेतांतून पल्सार हुडकणं, संख्याशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची कामं आहेत. दोन्हीकडे दुर्मीळ वर्ग शोधायचा असतो आणि दोन्हीकडे अचूकतेचा आकडा फसवतो. सर्टिफिकेट ढिगाने मिळतात. तुझ्या नावाचे कमिट असलेलं, चुकांच्या यादीसकटचं काम मुलाखतीत उघडून दाखवता येतं. कोर्सची फी आत्ता भरू नका. कार्यशाळेनंतर नेमकं काय कमी पडतं ते कळेल, मग ठरवा.

संशोधनाकडे जायचं असेल, तर या गडबडीत जॅमचा (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास सोडू नकोस. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था दोन्ही पुण्यातच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र उभं राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींच्या नोंदींत उपकरणाचे खोटे झटके ओळखण्यासाठी मशीन लर्निंग आजही वापरलं जातं. पण अशा ठिकाणी पीएचडीला घेताना आधी भौतिकशास्त्राचा पाया तपासतात, कोडिंग त्यानंतर. म्हणून तीन आठवड्यांत रोज दीड तास या डेटाला दे आणि बाकीचा वेळ क्वांटम, विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकी यांत्रिकीला.